मखमली गळपट्टीचा सिनेमा

आमच्या आतोबांइतका सिनेमा कुणाला कळला नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. आणि त्यांच्याइतका अर्धवट सिनेमा कुणी पाहिला नाही, हेही मीच सांगेन, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला राग येईल. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. धंद्यानं शिंपी. मालवणच्या खाडीपलीकडं आमचं गाव, आणि धक्क्यावरून वर चढून आलं की पहिली पडवी त्यांची. पडवीत शिवणाचं मशीन, भिंतीला टांगलेली कात्री, खुंट्यांवर लोकांचे अर्धे कोट आणि पाव झंपर, आणि दाराच्या आत उंबऱ्याशी काजं-बटणं करत बसलेली आत्या. मी तेव्हा पाचेक वर्षं गावच्या शाळेत मास्तरीण होते आणि राहायला आत्याकडेच होते. त्यामुळं पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जिथं पाहिलेलं नाही तिथं मी आतोबांची भाची आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

पंधरा दिवसांतून एकदा, बाजाराच्या दिवशी, आतोबा दोरा, बटणं आणि अस्तराचं कापड आणायला तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, मालवणला जात. दोरा-बटणं घ्यायला पाऊण तास पुरे. उरलेला वेळ ते थेटरात तीनच्या खेळाला घालवत. कुठला सिनेमा लागलाय हे त्यांनी कधी दारावर वाचलं नाही आणि नाव कधी लक्षात ठेवलं नाही. त्यांची नावं निराळीच असायची. 'पट्ट्यापट्ट्यांच्या कोटाचो', 'बिनबाह्यांच्या झंपराचो', 'लेंगो आखूड झाल्लो तो'. आमच्या गावातल्या माणसांना पुढं मुंबईत गेल्यावर फार जड जायचं. चाळीत सिनेमाच्या गप्पा निघाल्या की ही बिचारी विचारायची, "लेंगो आखूड झाल्लो तो बघलास?" आणि चाळकरी त्यांच्याकडं बघत राहायचे.

आतोबांची नजर पडद्यावर कुठं असायची? खांद्यावर. कोटाचा खांदा नीट बसलेला असला की माणूस सज्जन, ही त्यांची परीक्षा. एकदा एक खलनायक त्यांनी साफ निर्दोष सोडला होता. सगळ्या मालवणनं त्याला शिव्या मोजल्या, आणि आतोबा पडवीत मशीन थांबवून म्हणाले, "माणूस वायट नाय रे तो. त्येचो कोट काखेत आवळता. दिवसभर काखेत आवळल्यार तू तरी लोकांशी बरो वागशीत?" पडवीतल्या माणसांनी आपापले हात उचलून पाहिले आणि माना डोलावल्या. नायिका रडायला लागली की लोकांचे रुमाल बाहेर यायचे; आतोबांचा जीव रेशमासाठी तुटायचा. "इतक्या म्हाग कापडार पाणी पाडता गो. डाग जावचो नाय तो." लढाईच्या एका सिनेमात सैन्य चालून जात होतं, आणि यांनी शोध लावला की तिसऱ्या रांगेतल्या शिपायाची बटणं बायकी बाजूला आहेत. पण कमाल केली ती पौराणिक चित्रपटात. देव प्रकट झाले, सगळं थेटर हात जोडून उठलं, कुणी नाणी फेकली, आणि त्या भक्तीच्या लाटेत आतोबा एकटे खाली बसून ओरडले, "अरे, द्वापारयुगात मशीनची टीप खंयसून इली?" त्या दिवशी त्यांना लोकांनी बाहेर काढलं. त्याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. टीप होती म्हणजे होती.

एवढं मात्र खरं की त्यांच्या या नजरेमुळं आमचं खाडीपलीकडचं चिमूटभर गाव कपड्यांच्या बाबतीत मालवणच्याही चार पावलं पुढं होतं. नायिकेच्या झंपराची बाही एकदा डोळ्याखालून गेली की ती तिसऱ्या दिवशी आमच्या गावात कुणाच्या तरी दंडावर असायची. फुग्याच्या बाह्यांची टूम आली तेव्हा पहिला झंपर त्यांनी मला शिवला. मी तो घालून शाळेत गेले, तर हेडमास्तर माझ्या दंडांकडं आळीपाळीनं बघत शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, हे शासकीय विद्यालय आहे." मी घरी येऊन रडले. आतोबांनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, "त्येंच्या सदऱ्याचो डावो खांदो कसो आसा?" मी म्हटलं, उतरलेला आहे. "मगे? उतरलेल्या खांद्याच्या माणसाचा कित्याक मनार घेतंस?" दुसऱ्या दिवशी मी तोच झंपर घालून गेले. महिन्याभरात हेडमास्तरांच्या बायकोनं तसाच शिवायला टाकला.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवी भरायची. शेतावरची, होडीवरची, शाळेतली, सगळी माणसं. थेटर परवडणारी थोडी, आणि बायकांना तर तिकडं जायची सोयच नव्हती. त्यामुळं गावानं जो काही सिनेमा पाहिला तो आतोबांच्या तोंडून. ते मशीन चालवत सांगत. प्रसंग साधा असला की पाय सावकाश, भांडण आलं की धडधड, आणि कुणी मरायला टेकलं की मशीन बंद. मध्येच प्रत्येकाचं मत. बाबी तारी, म्हणजे आमची तर वल्हवणारा, त्याला पडद्यावरची एकही होडी कधी पसंत पडली नाही. "वल्हा असा धरल्यार होडी थंयच गरागरा फिरात," असं तो न पाहिलेल्या होडीबद्दल ठासून सांगायचा. आणि शेवट काय असायचा! हरवलेला भाऊ सापडायचा, परागंदा मुलगा यायचा, तुरुंगातला नवरा सुटायचा, आणि यायचे ते सगळे होडीनं, दिवेलागणीला. मग बाबी उठून देवळात गाऱ्हाणं घालतात तसे हात जोडायचा. "जसो ह्या सिनेमातल्या माणसांचो शेवट गोड झालो, तसो ह्या पडवीतल्या सगळ्यांचो होऊं दी रे म्हाराजा!" आणि सगळी पडवी म्हणायची, "व्हय म्हाराजा!" दाराआड आत्याची सुई तेवढा वेळ थांबलेली असायची, ते मी दर वेळी तिथंच बसत असल्यामुळं मला दिसायचं.

या सगळ्यातली मेख मला कळली ती शाळेच्या कामासाठी एकदा आतोबांबरोबर मालवणला गेले तेव्हा. काम लवकर आटपलं आणि ते मला थेटरात घेऊन गेले. सिनेमा असा रंगला होता म्हणून सांगू! नायकावर खुनाचा आळ, फाशीची तारीख ठरलेली, खरा साक्षीदार घोड्यावरून निघालेला, आणि आतोबांनी माझ्या कोपराला धरून मला उभं केलं. "उठ गो, तर चुकात." मी म्हटलं, शेवट? ते मला रांगेतून ओढत म्हणाले, "शेवट आपलो आपण करूचो. कापड बघलंस मां? मगे पुढचां शिवूक काय आसा?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटची तर सूर्य बुडायच्या सुमाराला सुटायची आणि थेटरापासून धक्का अर्ध्या तासावर. म्हणजे गेल्या कित्येक वर्षांत या माणसानं एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता! तरीत बसल्यावर मी भांडायला तोंड उघडलं, तर बाबीनं वल्हं मारता मारता ओठावर बोट ठेवलं. शिंप्याला आमच्याकडं मास्तरच म्हणतात. "गप रवा, बाईनू. मास्तर शिवतत." मी पाहिलं. आतोबा पाण्याकडं बघत होते आणि उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर हळूहळू सरकत होती. आमच्या धक्क्याला तर लागली तेव्हा ते प्रसन्न चेहऱ्यानं उठले. शेवट तयार होता.

मी ही गोष्ट कुणाला बोलले नाही. रागावले होते, पण चहाडी करणं आमच्या घरात नाही. शिवाय आता मला ते शेवट निराळे ऐकू यायला लागले होते.

आतोबांना एकच मुलगा, आमच्या बोलीत झिल, वसंता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बापाच्या हाताखाली शिकला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं पहिला कोट शिवला त्या दिवशी पडवीत पाचसहा माणसं होती. आतोबांनी तो कोट उजेडात धरला, उजवी बाही टर्रकन उसवली आणि म्हणाले, "ही बाही नाय. पिशवेचो बंद." माणसं हसली. हसण्यासारखं ते खरंच बोलले होते, तीच तर पंचाईत. वसंता आत गेला, कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आला आणि समोरून सुटणाऱ्या तरीत जाऊन बसला. बाही कितपत वाईट होती, मला विचाराल तर, थोडी चुणली होती. एवढंच. त्याला चार वर्षं होऊन गेली होती. वर्षातून दोनदा शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावानं त्याचं कार्ड यायचं. परळला एका टेलरिंग दुकानात आहे, आई बरी? बापाबद्दल अक्षर नाही. मी ते चुलीपाशी आत्याला वाचून दाखवायची. पडवीतलं मशीन त्या वेळी नेमकं बंद पडलेलं असायचं, आणि वाचून संपलं की पुन्हा चालू व्हायचं. पण "काय लिवता तो?" असं या माणसाच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. ताठा म्हणजे काय ताठा! कांजी घातलेली गळपट्टी परवडली.

आणि हाच माणूस पंधरा दिवसांनी एकदा पडवीत बसून कुणा ना कुणाच्या मुलाला होडीनं घरी आणत होता. तो पडवीसाठी नव्हे, दाराआडच्या सुईसाठी सांगत होता. हे माझ्या ध्यानात आलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

त्यातला सगळ्यांत गाजलेला शेवट 'मखमली गळपट्टीचो' या सिनेमाचा. मुलगा घर सोडून शहरात जातो, मोठा शेठ होतो, मखमली गळपट्टीचा कोट घालतो. आई गावात वाट बघते. शेवटी तो दिवेलागणीला होडीनं घरी येतो, आईची नजर अधू झालेली, ती त्याला ओळखत नाही. मग तिचा हात त्याच्या कोटाला लागतो. सगळी बटणं मशीनवाल्यानं लावलेली, पण त्यातलं एक, मधलं, तिनं पूर्वी लाल दोऱ्यानं लावलेलं, ते त्यानं जुन्या सदऱ्यावरून काढून या कोटाला लावून घेतलेलं असतं. त्या बटणावरून ती ओळखते. आतोबांनी हे सांगितलं तेव्हा बाबी तारी हमसून हमसून रडला, आणि गावात दोन महिने प्रत्येक बाई आपल्या मुलाचं एक बटण लाल दोऱ्यानं लावत होती.

आणि त्या वर्षी भातकापणी झाल्यावर आमच्या मळ्यात तंबूतला सिनेमा आला! बैलगाडीवर रंगवलेला फलक गावातून फिरला. त्यावर दारात कंदील घेऊन उभी म्हातारी आणि तिच्याकडं पाठ फिरवून एक माणूस. माणसाच्या कोटाला काळीभोर मखमली गळपट्टी. "मखमली गळपट्टीचो!" गाव एकसुरात ओरडलं. आतोबांच्या हातातली कात्री खाली पडली. आणि आत्या, जी उभ्या जन्मात सिनेमाला गेली नव्हती, दाराआडून म्हणाली, "ह्या सिनेमाक मी येतलंय. माका त्येचो शेवट बघूचो आसा."

पुढचे दोन दिवस आतोबांनी जे प्रयत्न केले ते मी हसू दाबून बघत होते. "थंय डास आसत गो." "हंय काय कमी आसत?" "जमनीर बसूचा लागता." "मी काय सिंहासनार बसतंय?" "तो सिनेमा मी तुका सांगलंय मां?" "सांगल्यात. आता बघतंय." शेवटी त्यांनी आपल्याला ताप आल्याचं जाहीर केलं. आत्यानं कपाळाला हात लावला, चुलीवर पेजेचं भांडं ठेवलं आणि माझ्याकडं बोट दाखवत त्यांना म्हणाली, "तुमी निजा. मी बाईबरोबर जातंय." तेव्हा ताप उतरला. आतोबा कोट घालून निघाले. वाटेत मला हळूच म्हणाले, "शेवट काय आसा, तुका म्हायत आसा?" मला कुठून माहीत असणार? त्या क्षणी मला त्यांची फार दया आली.

तंबूत एकच यंत्र. त्यामुळं दर रीळ संपलं की दिवे लागायचे, आणि दिवे लागले की सगळा गाव पुढं काय होणार हे तंबूतल्या परक्या माणसांना सांगायचा. मध्ये बांधलेल्या दोराच्या अलीकडं बायका, पलीकडं पुरुष. आत्या अगदी पुढं, मांडी घालून, पापणी न लववता. मुलगा गेला, शेठ झाला, कोट आला. "खांदो बरो आसा," कुणीतरी आतोबांच्या वतीनं म्हणालं. सगळं त्यांनी सांगितलं तस्संच होतं, आणि गावाची छाती फुगत चालली. मग शेवटचं रीळ लागलं. मुलगा आला तो होडीनं नव्हे, मोटारीनं. दाराला कुलूप. शेजारी खाली मान घालून उभे. आई आठ दिवसांपूर्वी गेलेली. मुलगा दाराला डोकं टेकून रडतो, आणि पडदा पांढरा.

दिवे लागले. मग बाबी तारी उभा राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं हो! दर वेळी आतोबांना शेवटच्या तरीनं आणणारा तोच. पण तो असा कडाडला की तंबूच्या काठ्या हलल्या. "ओ मॅनेजर! होडयेचो डबो खंय लपयल्यात? आवस बटणावरसून वळखता, तो डबो हाडा!" तसा सगळा गाव उठला. घाटावरचा तो मॅनेजर धावत आला, घामाघूम, पत्र्याचे डबे एकेक उघडून दाखवू लागला. "अहो, बाराच रिळं आहेत, बाराही दाखवली! देवाशप्पथ!" "तेरावो खंय?" गाव ऐकेना. मॅनेजर रडकुंडीला येऊन म्हणाला, "अहो, पण असा शेवट तुम्हांला सांगितला कुणी?" आणि शंभर बोटं एका माणसाकडं वळली, अभिमानानं वळली. आतोबांनी दोरापलीकडं पाहिलं. आत्या अजून तशीच मांडी घालून पांढऱ्या पडद्याकडं बघत होती.

ते एक शब्द जरी बोलले असते, "डबो चोरलो," एवढंच, तर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं असतं आणि त्या मॅनेजरला खाडी पोहून पळावं लागलं असतं. पण आतोबा पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले. "ह्या माणसाची काय चूक नाय. बटणाचो शेवट माझो आसा. मी हो सिनेमा अर्धोच बघलंय. हो काय, खंयचोच पुरो बघूक नाय. शेवटची तर गाठूची आसता." कधी मान खाली न घालणारा माणूस सगळ्या गावासमोर मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, संपलं. उद्यापासून पडवी रिकामी. तर बाबी तारी म्हणाला, "मगे? त्येना काय झाला? ह्येंच्यापेक्षा तुमचो बरो आसा!" आणि मॅनेजरच्या खांद्यावर हात टाकून, अगदी समजुतीच्या सुरात, "तुमच्या लोकांका कळवा. पुढच्या येळाक आमच्या मास्तरांचो शेवट लावा." मागून सगळा तंबू गरजला, "व्हय म्हाराजा!" त्या दिवशी मला माझ्या गावाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं कधी वाटला नाही.

आम्ही घरी निघालो. पुढं कंदील घेऊन मी, मागं ती, तिच्या मागं चोरासारखे आतोबा. पडवीत आल्यावर तिनं पदर सारखा केला. "माका पयल्यापासून म्हायत होता. तिनाचो खेळ, आणि साडेसहाक तुमी हंयच्या धक्क्यार. माका घड्याळ कळता." आतोबा म्हणाले, "मगे चार वर्सां ऐकत कित्याक रवलंस?" "बरे होते म्हणान." ती आत जायला वळली, उंबऱ्यावर थांबली. "पण एक सांगतंय. तुमच्या सगळ्या शेवटांत झिलच घराक येता. बापूस त्येका हाडूक गेलो, असो एक तरी शेवट केल्यात?"

आतोबा मशीनवर जाऊन बसले. चालवलं नाही, नुसते बसले. सकाळी मी उठले तेव्हा मशीनवर कापड झाकलेलं होतं, आतोबा न्हाऊन तयार होते आणि माझ्यापुढं हात पसरून उभे होते. "परळचो पत्तो दी." मी शेवटचं कार्डच त्यांच्या हातात दिलं. ते पहिल्या तरीनं मालवणला गेले आणि बंदरातून मुंबईच्या बोटीत बसले.

पंधरा दिवस गेले. पत्र नाही. आत्या रोज दिवेलागणीला उंबऱ्याशी बसून, काम नसलं तरी सुईत दोरा ओवून ठेवायची. बाप-लेक पुन्हा भांडले असतील, या धसक्यानं मला शाळेत पाढे चुकायला लागले. आणि सोळाव्या दिवशी शेवटच्या तरीच्या वेळी खाडीच्या मध्यावरून बाबीची आरोळी आली, "मास्तर इलेऽ! नवो कोट घालून इलेऽ!" सगळा गाव धक्क्यावर धावला. आतोबा तरीत उभे होते. तरीत उभं राहू नये हा बाबीचा नियम त्या दिवशी बाबीनंच मोडला होता. वसंता बरोबर नव्हता, ते मी आधी पाहिलं. मग कोट पाहिला. राखाडी रंगाचा, गळपट्टी साधीच, मखमल वगैरे काही नाही. पण खांदा! आतोबा धक्क्यावर उतरले आणि दोन्ही हात पसरून गोल फिरले. "खांदो बघा रे! एक सुरकुती दाखवा! बाही बघा! माप घेतल्याशिवाय शिवलो हां झिलान, नुसत्या आठवणीन! वरसभर खुंटयेर माझी वाट बघी होतो हो कोट!" त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या एवढ्या चांगल्या कापडावर पडत होत्या, त्याचं त्यांना भान नव्हतं. बाहीची सगळी तपासणी झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, "चार वर्सांपूर्वी मी उसवलंय ती बाही बरी होती. माझीच नजर वाकडी."

मालकानं रजा दिली नव्हती, वसंता शिमग्याला येणार होता. तिथं दुकानातल्या कारागिरांना आतोबांनी चार संध्याकाळी सिनेमे सांगितले होते, मखमली गळपट्टीचासुद्धा, आपल्या शेवटासकट. मुलानं बापाला मुंबईच्या थेटरात नेऊन जन्मात पहिल्यांदा एक सिनेमा अखेरपर्यंत दाखवला होता. पडवीत सगळ्यांनी उत्सुकतेनं विचारलं, कसा होता शेवट? "लांबलो," आतोबा म्हणाले.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक कागदाची पुडी काढली आणि उंबऱ्याशी जाऊन आत्यापुढं धरली. तेव्हा आम्हां सगळ्यांच्या लक्षात आलं, कोटाचं मधलं बटण नव्हतं. "निघताना त्येनाच काढून दिला," आतोबा म्हणाले. "तो म्हणालो, ह्यां आये लावतली." सुईतला दोरा आत्यानं ओढून टाकला, डब्यातून लाल दोऱ्याची गुंडी काढली, आणि आतोबांना तसंच कोटासकट समोर बसवून ती बटण लावायला लागली. दोरा दातांनी तोडून तिनं बटण एकदा ओढून पाहिलं, आणि बाबी तारीनं गाऱ्हाण्यासाठी हात जोडले.

वसंता शिमग्याला आला, शेवटच्या तरीनंच. आता त्या खाडीवर पूल आहे. तर गेली, बाबी गेला, आतोबा आणि आत्या दोन वर्षांच्या अंतरानं गेली. कोट वसंताकडं आहे. वसंताची मुलगी मला अधूनमधून हौसेनं सिनेमाला नेते, आणि अगदी रंगात आलं की माझे पाय आपोआप उचलतात. ती बिचारी कुजबुजते, "अगो आत्या, शेवट रवलो मां!" मी तिच्या कोपराला धरते. "तो मी तुका सांगतंय. उठ गो, तर चुकात."